मारणाऱ्या हाताचे काय होते?

पोलीस आणि हाणामारी हे दोन शब्द चित्रपटाच्या जाहिरातीत शेजारीशेजारी आले, की आपल्याकडचा साहित्याचा अभ्यासक तोंड फिरवतो. अशा चित्रपटांत नैतिक खोली शोधणे म्हणजे तमाशाच्या फडात उपनिषद शोधणे, असा त्याचा भाव असतो. (तमाशाच्या फडात काय सापडते हेही त्याने पाहिलेले नसते, हा भाग वेगळा.) आमचे मत याच्या उलट आहे. कायद्याचा गणवेश घातलेला माणूस दुसऱ्या माणसावर हात उगारतो, त्या क्षणाइतका नैतिकदृष्ट्या अवघड क्षण कथात्म वाङ्मयातही फार वेळा सापडत नाही. फटका किती जोरात बसला, हा प्रश्न गौण होय. मारणाऱ्याचे त्यानंतर काय झाले, याची नोंद चित्रपट ठेवतो की नाही, हे पाहावे.

हा प्रश्न आम्हांस केवळ समीक्षेचा वाटत नाही. जाफराबादसारख्या तालुक्याच्या गावी मराठी शिकवताना समोरच्या बाकांवरची कितीतरी मुले आणि आता मुलीही पोलीस भरतीच्या तयारीतल्या असतात. पहाटे सोळाशे मीटर धावायचे, गोळा फेकायचा आणि मग वर्गात येऊन पेंगायचे, हा त्यांचा दिनक्रम. कोरडवाहू शेतीच्या या पट्ट्यात खाकी वर्दी ही त्यांच्या लेखी घर सावरणारी नोकरी आहे. त्या वर्दीत शिरण्यापूर्वी वर्दीचे जे चित्र त्यांच्या मनात तयार होते, ते बहुतांशी पडद्यावरून येते. आणि ते चित्र, मान्य केले पाहिजे, ‘सिंघम’चे असते.

रोहित शेट्टी यांचा २०११ सालचा हा चित्रपट ‘सिंगम’ या २०१० सालच्या तमिळ चित्रपटावर बेतलेला आहे. बाजीराव सिंघम कमरेचा पट्टा काढतो आणि चित्रपटगृहात शिट्ट्या सुरू होतात. शिट्ट्यांबद्दल आमची तक्रार नाही. तक्रार आहे ती कथेच्या दोन टोकांबद्दल. कदम नावाचा एक प्रामाणिक अधिकारी भ्रष्टाचाराच्या खोट्या आरोपाने खचून स्वतःला संपवतो, येथे चित्रपट सुरू होतो. शेवटी पोलीस एकत्र येऊन जयकांत शिक्रेला ठाण्यातच ठार करतात आणि वरिष्ठांना त्या मृत्यूबद्दल खोटे निवेदन करायला लावतात. म्हणजे एका असत्याने माणूस मेला म्हणून आपण हळहळायचे आणि दुसऱ्या असत्याने माणूस मारला म्हणून टाळ्या वाजवायच्या! या दोन असत्यांत काही नाते असू शकेल, अशी पुसटशी शंकाही पटकथेला शिवत नाही. मुंबई उच्च न्यायालयाचे तत्कालीन न्यायमूर्ती गौतम पटेल यांनी सप्टेंबर २०२३ मध्ये एका जाहीर भाषणात याच चित्रपटाचे नाव घेऊन झटपट न्यायाच्या धोक्याकडे लक्ष वेधले होते. त्यांची खिल्ली उडवणारे एक गोष्ट विसरतात. २०१९ मध्ये हैदराबादजवळ चार आरोपी चकमकीत मारले गेले तेव्हा लोकांनी पोलिसांवर फुले उधळली होती. सर्वोच्च न्यायालयाने नेमलेल्या न्यायमूर्ती सिरपूरकर आयोगाचा अहवाल २०२२ मध्ये खुला झाला आणि ती चकमक बनावट असल्याचा त्यात निष्कर्ष होता. तोवर फुले सुकून गेली होती.

खटले वर्षानुवर्षे चालतात, गरिबाला न्याय मिळत नाही, मग लोकांनी पडद्यावर तरी तो का पाहू नये, असा प्रतिवाद विद्यार्थी करतात. त्यात तथ्य आहे, आणि त्यांच्या घरच्या बांधाच्या भांडणांचा अनुभवही आहे. पण मग आमचा प्रश्न असा, की पट्टा पहिल्यांदा कोणाच्या पाठीवर पडतो? जयकांतच्या की गरिबाच्याच?

येथे हिंसेचे प्रमाण हा निकष उपयोगाचा नाही. २०११ सालच्याच ‘द रेड’ या इंडोनेशियन चित्रपटात ‘सिंघम’च्या कित्येक पट रक्त आहे. पेनचाक सिलाट या तिकडच्या पारंपरिक युद्धकलेवर उभा असलेला हा चित्रपट वरवर पाहता निव्वळ मारामारीचा. जाकार्तातल्या गुंडाच्या ताब्यातील एका उंच इमारतीत पोलिसांची तुकडी शिरते. तरीही त्यात पहिला नैतिक धक्का बसतो तो पोलिसांकडूनच. इशारा देऊ पाहणाऱ्या एका कोवळ्या पोराला अधिकारी गोळी घालतो. पुढे कळते, की या मोहिमेला वरिष्ठांची मंजुरीच नाही, त्यामुळे मदत येणार नाही. रामा नावाचा तरुण शिपाई मजल्यामागून मजला लढत राहतो तो जिवंत घरी परतण्यासाठी. घरी गरोदर पत्नी आहे. शेवटी तो लाचखोर अधिकारी त्याच्या हाती लागतो, तेव्हा रामा त्याला मारत नाही, पकडून बाहेर आणतो. शंभर फटके मारलेला हात एकशे एकाव्याला थांबतो.

आणि मग आपला ‘अर्धसत्य’. १९८३ सालचा गोविंद निहलानी यांचा हा चित्रपट हिंदी असला तरी त्याची मुळे मराठीत आहेत : मूळ कथा श्री. दा. पानवलकरांची ‘सूर्य’, पटकथा विजय तेंडुलकरांची, संवाद वसंत देव यांचे, त्यातली कविता दिलीप चित्र्यांची. अनंत वेलणकरला पुढे शिकायचे होते, पोलिसात असलेल्या बापाने त्याला पोलिसातच ढकलले. तोच बाप आईला मारताना त्याने लहानपणी पाहिलेला आहे. फटका या घरात वारशाने आलेला आहे, वर्दीने त्याला फक्त अधिकृत केले.

तेंडुलकरांची खरी पकड दिसते ती कोठडीच्या प्रसंगात. अनंतने जिवावर उदार होऊन एक दरोडेखोर पकडला, त्याचे श्रेय दुसऱ्याच अधिकाऱ्याला मिळाले. रामा शेट्टीला तर हात लावता येत नाही. मग हाती सापडतो तो रेडिओ चोरल्याचा संशय असलेला एक भुरटा चोर. अनंत त्याला मरेपर्यंत मारतो. रागाचा मालक वर बसलेला, मार खाणारा खाली. विद्यार्थ्यांना आम्ही जो प्रश्न विचारतो, त्याचे उत्तर या एका प्रसंगात आहे, आणि तेही कोणी पात्र ते बोलून न दाखवता. ओम पुरींना या भूमिकेसाठी राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. त्यांचा त्या वेळचा चेहरा संतापापेक्षा अपमानानेच अधिक विद्रूप झालेला दिसतो.

शेवटी अनंत रामा शेट्टीचा गळा दाबतो तेव्हाही चित्रपट आपल्याला टाळी वाजवू देत नाही, कारण तो लगेच स्वतःला पोलिसांच्या स्वाधीन करतो. ‘सिंघम’चे पोलीस मृत्यूची खोटी हकीकत रचतात, अनंत आपला गुन्हा आपल्या नावावर घेतो.

एक उणीव मात्र आम्हांस दर वेळी खटकते. अनंतची प्रेयसी ज्योत्स्ना ही साहित्याची प्राध्यापिका. अनंत ती कविता वाचतो ती तिच्यामुळे. तिच्या शंका चित्रपट ऐकतो, अनंतचे दुःख ऐकतो, दारूने संपलेल्या माइक लोबोचेही ऐकतो. पण कोठडीत मेलेल्या त्या माणसाचे घर, त्याची बायको, रेडिओ त्याने घेतला होता की नाही, यांतले काहीही आपल्याला कळत नाही. वर्गात चित्रपट दाखवून झाल्यावर आम्ही त्याचे नाव विचारतो. अजून कोणालाही ते सांगता आलेले नाही.