पळस फुलला की रानात धावा, पण आधी सिकलसेलचा कागद बघा

फाल्गुन लागला की नागपूरच्या आजूबाजूचे रान बदलते. सागाची पाने गळून पायाखाली पापडासारखी वाजतात, पळस पेटतो, पुढे मोह टपकायला लागतो. पहाटे साडेपाच ते साडेसात ही वेळ अंगाला हवीशी वाटते. थंडी सरलेली असते आणि ऊन अजून चटकायला लागलेले नसते. याच दिवसांत आपल्या वस्त्यांतली मुले-मुली रस्त्यांवर धावताना दिसतात. कुणाची पोलीस भरती, कुणाची वनरक्षकाची, कुणाची अग्निवीरची. पोलीस भरतीला मुलांना १६०० मीटर आणि मुलींना ८०० मीटर, वनरक्षकाला ५ आणि ३ किलोमीटर. वर्षानुवर्षे हे आकडे आपल्या घरांत शाळेच्या मार्कांइतकेच तोंडपाठ आहेत.

धावणारी मुले पाहून आम्हाला आनंद होतो. पण ज्या तऱ्हेने ती धावतात, त्याबद्दल आरोग्याचे काम करणाऱ्या आम्हा बायांचे काही म्हणणे आहे आणि ते या पानावर स्पष्ट मांडायचे आहे. ती धावतात डांबरी रस्त्यावर, ट्रकच्या धुरात, बहुतेकदा एकाच सपाट पट्ट्यावर, एकाच हिशेबाने: किती मिनिटे लागली? भरती झाली की धावणे संपते. भरती नाही झाली की त्याहून लवकर संपते. आणि तिशी ओलांडलेल्या बाया तर या चित्रात कुठेच नाहीत.

शहरात झाडी उरली आहे. सेमिनरी हिल्सचा चढ आहे, अंबाझरीचे जैवविविधता उद्यान आहे. तिथल्या मातीच्या पायवाटेवर धावणे ही वेगळी गोष्ट आहे. डांबरावर प्रत्येक पाऊल सारखेच पडते, त्यामुळे गुडघ्याला आणि नडगीला त्याच जागी पुन्हा पुन्हा दणका बसतो. पायवाटेवर दगड, मूळ, उतार, पालापाचोळा, म्हणजे दर पावलाला पाय वेगळा पडतो. घोट्याभोवतीचे छोटे स्नायू, जे रस्त्यावर झोपलेले असतात, ते कामाला लागतात. यात धोका नाही असे नाही. वाळलेल्या सागाच्या पानाखाली दगड दिसत नाही आणि घोटा मुरगळतो. मुरगळला तर थांबायचे, बर्फ कापडात गुंडाळून लावायचा, पट्टी बांधायची, पाय उंच ठेवायचा. गरम तेलाने रगडून चोळायचे नाही, मोहल्ल्यातला कितीही नावाजलेला हाडवैद्य सांगो. पाय टेकवून चार पावलेही टाकता येत नसतील तर एक्स-रे काढायचा.

पायवाटेचा दुसरा गुण आम्हाला जास्त मोलाचा वाटतो. तिथे चढावर चालले तर कुणी हसत नाही. डोंगरवाटांवर धावणारे कसलेले धावपटूसुद्धा उभा चढ चालतच चढतात. चाळिशीच्या ताईला, जिला साखर आहे, वजन आहे, जिने शाळा सुटल्यापासून कधी पाऊल पळवले नाही, तिला हे सांगितले की तिचा चेहरा मोकळा होतो. सपाटीला हळू पळा, चढ चाला, बोलता येईल इतकाच दम लागू द्या. किलोमीटर मोजू नका, वीस मिनिटे मोजा. सलवार-कमीज चालते. बूट महाग नकोत, पण पायात घट्ट बसणारे आणि खाली खाचा असलेले हवेत. चप्पल नको. आजकाल डोंगरवाटांच्या शर्यती निघाल्या आहेत, त्यांचे शुल्क कधी हजारांत असते. बनियन आणि पदक मिळते म्हणे. आपल्याला त्याची गरज नाही.

याच्या जोडीला आम्ही नकाशाचा खेळ सुरू केला आहे. त्याचे नाव ओरिएंटिअरिंग. जीभ वळत नाही, म्हणून आमच्या मुली त्याला ‘नकाशा-पळ’ म्हणतात. हा खेळ मूळचा स्वीडनचा. १९व्या शतकाच्या शेवटी तिथल्या सैन्यात अनोळखी मुलूख नकाशा आणि होकायंत्राच्या आधारे पार करण्याचा सराव होत असे. पहिल्या महायुद्धानंतर अर्न्स्ट किलांडर नावाच्या अधिकाऱ्याने पाहिले की तरुण पोरे धावण्याच्या खेळाकडे पाठ फिरवत आहेत. त्याने पोरांना मैदानातून काढून जंगलात नेले, हातात नकाशा दिला. १९१९ मध्ये स्टॉकहोमजवळ नाका इथे झालेल्या त्याच्या शर्यतीपासून हा खेळ लोकांचा झाला. १९६१ मध्ये त्याची आंतरराष्ट्रीय संघटना स्थापन झाली.

खेळ असा. नकाशावर काही ठिकाणे गोल करून दिलेली असतात. रानात त्या ठिकाणी पांढऱ्या-नारिंगी रंगाचे निशाण टांगलेले असते. सर्व निशाणे क्रमाने गाठून परत यायचे. वाट कुणी आखून देत नाही, ती आपण ठरवायची. नकाशाचे रंगही पक्के आहेत: पांढरा म्हणजे पळता येईल असे जंगल, हिरवा जितका गडद तितकी दाट झाडी, पिवळा म्हणजे उघडी जागा, निळे पाणी, तपकिरी रेषा चढ-उताराच्या. आपल्याला पांढरे म्हणजे जंगल हे आधी उलटे वाटते, मग सवय होते.

आम्ही साधा जुगाड केला. बागेच्या वाटा, टाकी, बाके, मोठी झाडे मोजून हाताने नकाशा काढला, त्याच्या झेरॉक्स काढल्या, आठ ठिकाणी कापडाच्या चिंध्या बांधल्या आणि प्रत्येकीवर एक अक्षर लिहिले. आठ अक्षरे जुळली की शब्द होतो. होकायंत्र सगळ्यांकडे नव्हते, पण मार्चमध्ये त्यावाचून अडत नाही. २० मार्चच्या सुमारास दिवस आणि रात्र समान होतात, तेव्हा सूर्य जवळजवळ नेमका पूर्वेला उगवतो. उगवतीकडे तोंड केले की डावा हात उत्तरेला. नकाशा तसा फिरवायचा, आपण जिथे आहोत तिथे अंगठा ठेवायचा आणि पळताना अंगठा सरकवत राहायचे. पहिल्याच खेपेला भरतीची तयारी करणारा एक दादा सर्वांच्या पुढे सुसाट गेला आणि तिसऱ्या चिंधीचे वळण चुकून थेट फाटकापाशी निघाला. आमच्यातली एक आशाताई, वय त्रेचाळीस, चालत-पळत आठही अक्षरे घेऊन त्याच्या आधी आली. तो दादा नंतर तिच्याकडून नकाशा शिकला, हे सांगायला हवे.

मुलींसाठी हा खेळ हवाच, असा आमचा आग्रह आहे. आपल्या मुलीला लहानपणापासून वाट सांगितली जाते: इकडून जा, तिकडून नको, भावाला घेऊन जा. बाबासाहेबांच्या मुली म्हणून भाषणात टाळ्या घेतो आणि पाळी सुरू झाली की मैदान बंद करतो. नकाशा हातात घेतलेली मुलगी चौकात उभी राहून स्वतः ठरवते. सुरक्षिततेचा प्रश्न खरा आहे, म्हणून आम्ही दोघी-दोघींच्या जोड्या करतो, उजाडल्यावरच सोडतो, परत येण्याची वेळ लिहून घेतो. पण सुरक्षिततेच्या नावाखाली घरी बसवणे आम्हाला मान्य नाही.

आता जे सांगण्यासाठी हा लेख लिहायला घेतला, ते.

विदर्भात सिकलसेल आहे. आदिवासी समाजात आहे आणि आपल्या समाजातही मोठ्या प्रमाणात आहे. हा कुणाच्या जातीचा दोष नाही. जिथे पिढ्यान्‌पिढ्या मलेरिया होता तिथे हे जनुक टिकले, कारण ते एकाच पालकाकडून आले तर मलेरियापासून थोडे संरक्षण मिळते. असा माणूस वाहक, म्हणजे एएस. दोन्ही पालकांकडून आले तर आजार, म्हणजे एसएस. एसएस असलेल्यांचे दुखणे घरोघरी ठाऊक आहे. वाहकाला मात्र रोजच्या जगण्यात काही होत नाही, म्हणून त्याला कळतही नाही.

धावताना मात्र ते कळायला हवे. अति श्रम, उष्णता आणि शरीरातले पाणी कमी होणे हे तिन्ही एकत्र आले तर वाहकाच्याही लाल पेशी विळ्यासारख्या वाकू शकतात. स्नायूंचा रक्तपुरवठा तुटतो, स्नायू मोडू लागतात, त्यातला घटक मूत्रपिंडात अडकतो. हे क्वचित घडते, पण घडते. अमेरिकेत सुमारे ४८ हजार कृष्णवर्णीय सैनिकांचा अभ्यास २०१६ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात वाहकांमध्ये मृत्यूचे प्रमाण इतरांपेक्षा जास्त आढळले नाही, स्नायू मोडण्याचे मात्र दीडपटीच्या आसपास आढळले. त्या सैन्यात सर्वांसाठीच पाणी, विश्रांती आणि उन्हाचे नियम कडक आहेत. आमचा निष्कर्ष सरळ आहे: वाहकाने धावावे, पण नियमाने धावावे.

लक्षणे ओळखायला सोपी आहेत, पण लोक गोळे आले समजून दुर्लक्ष करतात. गोळा आला तर स्नायू दगडासारखा कडक होतो, माणूस कळवळून ओरडतो. इथे पाय शिशासारखे जड होतात, कंबर-मांड्या दुखतात, स्नायू हाताला मऊच लागतो, माणूस हळूहळू खाली बसतो आणि बोलतही असतो. बोलतोय म्हणजे नाटक करतोय, असे शिट्टी वाजवणाऱ्याला वाटते. एका भरती अकादमीत असाच खाली बसलेला मुलगा ‘ऊठ, रडू नकोस’ म्हणून पुन्हा पळवला गेला. आमच्यातल्या एकीने त्याला रिक्षात घातले तेव्हा त्याची लघवी चहासारखी काळी झाली होती. तो वाचला. त्याच्या आईच्या पेटीत त्याचा एएसचा कागद होता, शाळेतल्या तपासणीचा. बहिणीच्या सोयरिकीत अडचण नको म्हणून लपवलेला, त्या मुलापासूनसुद्धा.

असे कागद बाहेर काढा. सोयरीक जुळवताना दोन्हीकडचे कागद समोर ठेवले तरच पुढच्या लेकराचा विचार करता येतो. आणि धावणाऱ्या मुलाला स्वतःचे रक्त माहीत असणे हा त्याचा हक्क आहे. तपासणी सरकारी दवाखान्यात मोफत होते. केंद्र सरकारचे सिकलसेल निर्मूलन अभियान १ जुलै २०२३ ला सुरू झाले आहे, त्याचाही आधार घ्या. पहिल्या साध्या चाचणीत फक्त ‘आहे’ किंवा ‘नाही’ एवढे कळते. एएस की एसएस हे पुढच्या तपासणीत कळते, म्हणून पहिल्या चिठ्ठीवर थांबू नका. एसएस असलेल्यांनी शर्यतीत उतरू नये. डॉक्टरांना विचारून सावलीत चालावे, पाणी पीत राहावे, थंडगार पाण्यात उतरू नये.

बायांचे आणखी एक. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात महाराष्ट्रातल्या निम्म्याहून अधिक बायांना रक्तक्षय आढळला. पहिल्या चढाला छातीत धडधडते, डोळ्यापुढे अंधारी येते, तेव्हा ‘सवय नाही’ म्हणून पुढे रेटू नका. हिमोग्लोबिन तपासा, त्याच वेळी सिकलसेलही तपासा. सिकलसेलच्या आजारात मनाने लोहाच्या गोळ्या घेणे बरोबर नाही.

उन्हाबद्दल आम्ही कडक बोलणार आहोत. २०१४ च्या जूनमध्ये मुंबईत पोलीस भरतीच्या धावण्यात उमेदवार दगावले. १६ एप्रिल २०२३ ला खारघरला भर उन्हात कार्यक्रमाला बसलेले चौदा जण गेले, ते तर धावतही नव्हते. आणि आपण १४ एप्रिलच्या सुमारास जयंतीची मिनी मॅरेथॉन ठेवतो. पाहुणे येईपर्यंत आठ वाजतात, सत्कार होईपर्यंत साडेआठ, मग झेंडा दाखवतात आणि लहान मुले नागपूरच्या एप्रिलमध्ये डांबरावर पळतात. आमचे म्हणणे मंडळांना आवडणार नाही, तरी लिहितो: पहाटे साडेपाचला सुरू करता येत असेल तर करा, नाहीतर धावणे मार्चमध्ये घ्या आणि एप्रिलमध्ये फक्त बक्षिसे वाटा. पाहुण्यांसाठी मुले ताटकळत ठेवू नका.

शरीराला उष्णतेची सवय व्हायला दहा-चौदा दिवस लागतात, एका रविवारी होत नाही. सोबत ओआरएस ठेवा. पाकीट नसेल तर एक लिटर पाण्यात सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ. कुणी बरळायला लागले, तोल जाऊ लागला, अंग भट्टीसारखे तापले, तर तो उष्माघात. रुग्णवाहिकेला १०८ वर फोन लावा, पण ती येईपर्यंत थांबू नका. सावलीत न्या, कपडे सैल करा, अंगावर पाणी ओता, वारा घाला. आधी थंड करायचे, मग हलवायचे. शुद्ध नसेल तर तोंडात पाणी घालू नका.

रानाचेही नियम आहेत. गोरेवाड्याच्या जंगलात बिबट्या आहे, तिथे आपल्या मनाने शिरायचे नाही. इतर ठिकाणीही अंधारात नाही आणि कुत्रा सोबत नाही. या दिवसांत आग्या मोहोळ असते, त्याच्या झाडाखाली चिंधी बांधू नका, जवळपास धूर करू नका. वाळल्या पानांत विडीचे थोटूक टाकणाऱ्याला तिथेच हटका. चिंध्या बांधायच्या तर वनविभागाला अर्ज देऊन, आणि संपल्यावर सगळ्या सोडून आणायच्या.

अर्ज देताना एक अनुभव आला. ‘तुम्ही लोक इथे काय करणार?’ असे एका फाटकावर विचारले गेले. स्वीडनमध्ये जंगलात फिरण्याचा हक्क सर्वांना आहे, १९९४ पासून तो त्यांच्या संविधानातही नमूद आहे. आपल्याकडे २० मार्च १९२७ ला महाडच्या तळ्यावर जे घडले ते वाचकांना सांगायला नको. सार्वजनिक बाग सर्वांची आहे. आम्ही अर्जाची पोच घेतली, तारीख टाकून घेतली आणि आत गेलो.

भरती अकादमीत पैसे भरण्याआधी आई-वडिलांनी तीन गोष्टी विचाराव्यात: पळवायला किती वाजता सुरुवात करता, खाली बसलेल्या मुलाचे काय करता, आणि सिकलसेलचा कागद मागता का? कागद मागत असतील, तर तो मुलाला काढून टाकण्यासाठी की सांभाळण्यासाठी, हेही त्याच वेळी विचारून घ्या.