दुकानाला शटर आहे, नेटवर्कला काय?



मागच्या आठवड्यात आमच्या आष्टीतल्या (ता. परतूर) एका माजी विद्यार्थ्याच्या खत-बियाण्यांच्या दुकानात गेलो होतो. बिलिंगचा संगणक, सीसीटीव्ही, घरच्यांचे मोबाइल, सगळं एकाच वायफायवर. संगणकाच्या कोपऱ्यात सूचना दिसली, फायरवॉल बंद आहे. विचारलं तर म्हणाला, "सर, बिलिंग चालत नव्हतं म्हणून सॉफ्टवेअरवाल्यानं बंद करून दिलं. दोन वर्षं झाली, काही झालं नाही. अन् आपल्या खेड्यातल्या दुकानात चोराला काय सापडणार?"

हा प्रश्न त्याच्या एकट्याचा नाही, म्हणून आज हा विषय.

फायरवॉल म्हणजे नेमकं काय?

जुन्या गावांना गावकूस असायची आणि आत यायला वेस. वेशीवरचा राखणदार विचारायचा, कोण, कुठून आलात, कुणाकडे जायचंय? फायरवॉल हेच काम करते. इंटरनेटवरची माहिती लहान-लहान पाकिटांतून येते. प्रत्येक पाकिटावर कुठून आलं, कुठे जायचं आणि कोणत्या क्रमांकाच्या दारानं, म्हणजे पोर्टनं, हे लिहिलेलं असतं. फायरवॉल ते नियमांशी ताडून पाहते. नियमात बसलं तर आत, नाहीतर बाहेर.

"आपल्याकडे कोण येणार?"

मे 2017 मधला 'वॉनाक्राय' हल्ला आठवा. सुमारे दीडशे देशांतले संगणक त्यात अडकले. फायली कुलूपबंद झाल्या आणि सोडवायला खंडणी मागितली गेली. तो प्रोग्राम कुणाचं नाव-गाव शोधत नव्हता. इंटरनेटवर 445 क्रमांकाचं दार कुठे उघडं आहे, एवढंच तो चाचपत फिरत होता. मायक्रोसॉफ्टनं दुरुस्ती मार्चमध्येच दिली होती. ज्यांनी ती घेतली नाही आणि दारही उघडं ठेवलं, ते सापडले. म्हणजे चोर गाव बघून येत नाही, उघडं दार बघून येतो. आष्टी असो की मुंबई, त्याला सारखंच!

आमच्या विद्यार्थ्याच्या संगणकात तर शेकडो शेतकऱ्यांची उधारी आहे, मोबाइल नंबर आहेत. ऐन पेरणीत ते कुलूपबंद झालं तर नुकसान एकट्या दुकानदाराचं नाही, ते गावाचं आहे.

फक्त वेस पुरेशी आहे का?

नाही. पुण्याची कॉसमॉस बँक 1906 सालची जुनी सहकारी बँक. ऑगस्ट 2018 मध्ये तिच्यावर सायबर हल्ला झाला आणि 94 कोटी 42 लाख रुपये गेले. एटीएमचे व्यवहार मंजूर करणाऱ्या यंत्रणेत घातक सॉफ्टवेअर शिरलं. हल्लेखोरांनी बनावट यंत्रणा उभी केली आणि तीच खोट्या व्यवहारांना 'हो' म्हणत राहिली. काही तासांत 28 देशांतल्या एटीएममधून पैसे निघाले.

यातून माझं मत असं झालं आहे की वेशीवर राखणदार हवाच, पण वाड्याच्या आतही दारं हवीत. बिलिंगचा संगणक वेगळा, सीसीटीव्ही वेगळा, गिऱ्हाइकांचं वायफाय वेगळं. एका खोलीत चोर शिरला तरी तिजोरीपर्यंत पोचू नये. आणि राउटरचा कंपनीनं दिलेला पासवर्ड तसाच ठेवला, तर कुंपणानंच शेत खाल्लं म्हणायचं.

मग करायचं काय?

- विंडोजमध्ये फायरवॉल फुकट असते. ती चालू ठेवा.
- एखादं सॉफ्टवेअर अडलं, तर फक्त त्यालाच परवानगी द्या. वाट मोकळी करायला अख्खी भिंत पाडू नका.
- अपडेट टाळू नका.
- हिशेबाची एक प्रत वेगळ्या ड्राइव्हवर ठेवा आणि ती संगणकापासून काढून ठेवा.
- पैशांची ऑनलाइन फसवणूक झाली, तर लगेच 1930 वर फोन करा.

मोठ्या व्यवसायांनी स्वतंत्र फायरवॉल उपकरण आणि ते सांभाळणारा जाणकार माणूस ठेवावा. तो खर्च विम्यासारखा समजावा.

आणि आपलं काय? शाळेच्या संगणकातही मुलांची नावं, जन्मतारखा, आधार क्रमांक असतात. पालकांनी ते आपल्या विश्वासावर दिलेले आहेत. तेव्हा उद्या शाळेत गेल्यावर आधी आपल्याच संगणकाची फायरवॉल तपासा, आणि मग मुलांना हा धडा शिकवा.

त्या विद्यार्थ्यानं माझ्यासमोरच फायरवॉल चालू केली. बिलिंगला तेवढी परवानगी दिली. पाच मिनिटं लागली, आणि बिलिंग व्यवस्थित चाललं.