एक गुंठा घेताय? विसार देण्याआधी सातबारा वाचा, नाहीतर पैसे अडकलेच समजा

(तालुका प्रतिनिधी)

समृद्धी महामार्ग जून 2025 मध्ये नागपूर ते मुंबई असा पूर्ण 701 किलोमीटर सुरू झाला. तेव्हापासून वैजापूर, गंगापूर, कोपरगाव, सिन्नर या पट्ट्यात रस्त्याच्या कडेला पिकापेक्षा प्लॉटिंगचे फलकच जास्त दिसू लागले आहेत. 'एक गुंठा, सुलभ हप्ते, महामार्गापासून पाच मिनिटं' असं वाचून कापसाचे, कांद्याचे पैसे हातात असलेला माणूस थांबतोच. पोरीच्या लग्नासाठी ठेवलेली रक्कमही काहीजण यात घालतात. पण यातले बरेच प्लॉट कागदावर प्लॉट नसून शेतीच असतात. अनेक वर्षे या धंद्यात असलेले एजंट खासगीत हेच सांगतात की, जागा दाखवण्याआधी कागद दाखवत नाही त्या माणसाकडून घेऊच नका.

सामाईक खरेदीचा खेळ

शेतजमिनीचे लहान तुकडे पाडायला 1947 च्या तुकडेबंदी कायद्याने बंदी आहे. 2023 च्या अधिसूचनेनंतर बहुतेक जिल्ह्यांत बागायतीसाठी किमान 10 गुंठे आणि जिरायतीसाठी 20 गुंठे हे प्रमाणभूत क्षेत्र आहे. म्हणजे जिरायत रानातला एक गुंठा सुटा विकता येत नाही.

यावर काढलेली पळवाट म्हणजे सामाईक खरेदी. समजा, वीस गुंठे जिरायत दहा जणांनी मिळून घेतली. खरेदीखत नोंदवलं जातं, सातबारावर दहाही नावं लागतात. घेणारा खूश, कारण उताऱ्यावर नाव आलं. पण तुमचे दोन गुंठे नेमके कुठले, हे त्या उताऱ्यावर कुठेच नसतं. चुन्याची फक्की मारून दाखवलेली हद्द सरकारी नकाशात नसते. घर बांधायला परवानगी मागितली तर जमीन शेती. बँकेत गेलं तर प्लॉट वेगळा दिसत नाही म्हणून कर्ज नाही. विकायला काढलं तर नुसता हिस्सा विकता येतो, तो घेणारा भाव पाडूनच मागतो. त्यात एखादा हिस्सेदार वारला की त्याचे चार-पाच वारस उताऱ्यावर चढतात. पुढे वाटणीचा दावा लागला की सगळेच कोर्टात.

'सरकार नियमित करून देणारच आहे' असंही सांगितलं जातं. ही अर्धवट माहिती आहे. जुने तुकडे नियमित करण्यासाठी आधी बाजारमूल्याच्या 25 टक्के शुल्क होतं, ते नंतर 5 टक्क्यांवर आणलं. 2025 मध्ये आणखी सवलत दिली गेली, पण ती नागरी आणि विकास आराखड्यातल्या निवासी भागातल्या ठराविक मुदतीपर्यंतच्या जुन्या व्यवहारांसाठी. आज शिवारात नव्याने पाडलेल्या तुकड्याला ती आपोआप लागत नाही.

'एनए प्रस्तावित' म्हणजे एनए नव्हे

फलकावर बारीक अक्षरात 'एनए प्रस्तावित' लिहिलेलं असतं. प्रस्ताव कोणीही देऊ शकतो. मागायचा तो एनए आदेश आणि मंजूर अंतिम लेआऊट. त्यात रस्ते आणि मोकळी जागा दाखवलेली असते, तुमच्या प्लॉटला नंबर असतो.

दुसरी खूण महारेराची. प्रकल्प 500 चौरस मीटरपेक्षा मोठा आणि आठपेक्षा जास्त प्लॉटचा असेल तर त्याची नोंदणी लागते. असे प्लॉट विकणाऱ्या एजंटलाही स्वतःचा नोंदणी क्रमांक असावा लागतो. दोन्ही क्रमांक महारेराच्या संकेतस्थळावर मोबाईलवरच तपासता येतात. नोंदणीकृत प्रकल्पात करारनामा नोंदवल्याशिवाय किमतीच्या 10 टक्क्यांपेक्षा जास्त रक्कम घेता येत नाही.

विसार देण्याआधी काय बघायचं?

- डिजिटल सहीचा सातबारा स्वतः काढा. एजंटने पाठवलेल्या फोटोवर जाऊ नका. 'इतर अधिकार' हा रकाना आधी वाचा. सोसायटीचा किंवा बँकेचा बोजा, कुळ, कोर्टाचा दावा तिथे दिसतो.
- 'भोगवटादार वर्ग 2' लिहिलं असेल तर सक्षम अधिकाऱ्याच्या परवानगीशिवाय व्यवहार करू नका. इनाम, वतनाच्या जमिनींत हीच भानगड असते. आदिवासी खातेदाराच्या जमिनीलाही परवानगी लागते.
- जुने फेरफार काढून बहिणींची नावं बघा. 2005 च्या दुरुस्तीनंतर वडिलोपार्जित जमिनीत मुलीचा हक्क मुलाइतकाच आहे. बहिणीची सही किंवा नोंदणीकृत हक्कसोडपत्र नसेल तर उद्या दावा येऊ शकतो.
- शेतजमीन घेणार असाल तर स्वतः शेतकरी असल्याचा पुरावा लागतो.
- रस्ता कागदावर आहे का ते बघा. शेजाऱ्याने तोंडी दिलेली वाट भांडण झालं की बंद होते.
- भूमी अभिलेखची मोजणी करून घ्या.
- वकिलाकडून किमान 30 वर्षांचा शोध अहवाल घ्या आणि पेपरात जाहीर नोटीस द्या.

नोटरी म्हणजे खरेदी नव्हे

पाचशेच्या स्टॅम्पवर नोटरी करून ताबा देण्याची पद्धत गावोगाव आहे. त्याने मालकी येत नाही. खरेदीखत दुय्यम निबंधकाकडे नोंदवावंच लागतं. तिथेही एक गैरसमज आहे: दस्त नोंदवला म्हणजे मालकी सरकारने तपासली, असं नाही. ती जबाबदारी घेणाऱ्याचीच. नंतर फेरफाराची नोंद प्रमाणित होऊन सातबारावर नाव लागेपर्यंत पाठपुरावा सोडू नका.

पैसे बँकेतूनच द्या. जमिनीच्या व्यवहारात 20 हजार किंवा त्याहून जास्त रक्कम रोखीने घेण्यावर आयकर कायद्याने बंदी आहे, आणि रोख दिलेल्या विसाराचा पुरावाही राहत नाही.

गुंतवणूक म्हणून घेताना

नवा रस्ता येणार या बातमीवर भाव आधीच चढलेला असतो. रस्ता येऊनही इंटरचेंज लांब असेल तर त्या जागेला गिऱ्हाईक मिळत नाही, कारण समृद्धीसारख्या महामार्गावर कुठूनही चढता येत नाही. शिवाय त्या गटावर भूसंपादनाची अधिसूचना निघाली आहे का, हे प्रांत कार्यालयात विचारून घ्या.

एजंटला दलाली व्यवहार झाला तरच मिळते, त्यामुळे घाई त्याला असते. 'आज विसार दिला नाही तर उद्या जाईल' म्हणाला, तर जाऊ द्या. कागद बघायला आठ दिवस मागा. सरळ व्यवहार असेल तर आठ दिवस थांबायला कुणाची हरकत नसते.