तोंडाचा वास उशिरा येतो

आषाढी अमावास्या जवळ आली की मोबाइलवर गटारीचे विनोद सुरू होतात आणि मटणाच्या दुकानांपुढच्या रांगांचे फोटो छापून येतात. व्यसनमुक्ती केंद्रातून महिन्याभरापूर्वी घरी परतलेल्या माणसाच्या फोनवरही तेच विनोद येत असतात. पाठवणाऱ्याच्या ते ध्यानीमनीही नसतं. घरचे मात्र त्या रात्री डोळ्यांत तेल घालून पहारा देतात. तो चपला काढतोय तोवर कुणीतरी अगदी जवळून जातं, वास घेतं. गाडीची डिकी तपासली जाते. वास आला नाही की घर निर्धास्त झोपतं.

हा पहाराच चुकीच्या नाक्यावर बसलाय. ग्लास हातात येतो तो सगळ्यात शेवटी. घसरण त्याआधी कितीतरी दिवस, घरातच, सगळ्यांदेखत सुरू झालेली असते. गुरुवारची मीटिंग एकदा चुकते, ‘ओव्हरटाइम होता’. मग पुन्हा चुकते. मग ‘तिथं तीच ती रडगाणी, मला आता गरज नाही’. रात्री दोनपर्यंत मोबाइल, सकाळी नाश्त्याला बुट्टी, भाजीतल्या मिठावरून ताट सरकवलेलं. एटीएम कार्ड परत मागताना ‘एवढी सोडली, तरी तुमचा विश्वास नाही’. जुना मित्र ‘फक्त चहाला’ भेटतो आणि चहाची टपरी नेमकी बारच्या शेजारची निघते. यातल्या एकाही गोष्टीला वास नसतो.

अल्कोहोलिक्स अ‍ॅनॉनिमसचे जुने मेंबर नव्यांना भूक, राग, एकटेपणा आणि थकवा सांभाळायला सांगतात. साहेबाची बोलणी खाऊन, रिकाम्या पोटी, लोकलला लोंबकळत रात्री साडेआठला उतरणाऱ्या माणसाजवळ यातल्या तीन तरी गोष्टी रोजच असतात. त्याला दारातच ‘कुठं होतास इतका वेळ?’ विचारलं की चौथीचीही सोय होते. आधी ताट वाढावं, चौकशी नंतरही करता येते.

अमेरिकेतले मानसशास्त्रज्ञ अ‍ॅलन मार्लट यांनी दारू, सिगारेट, हेरॉइन, जुगार सोडलेले लोक पहिल्यांदा कधी घसरले याची छाननी केली. जवळपास तीन-चतुर्थांश प्रसंग तीनच प्रकारांत बसले. मनाची खिन्न किंवा चिडकी अवस्था, कुणाशी तरी झालेलं भांडण आणि चारचौघांचा आग्रह. त्यात मनःस्थितीचा वाटा सर्वांत मोठा. आपण मात्र सगळा दोष संगतीवर टाकून मोकळे होतो, कारण मित्राला शिव्या देणं घरातल्या वादाकडे बघण्यापेक्षा सोपं असतं.

आग्रह खोटा आहे असं नाही. हळदीच्या रात्री ‘आज एकच, भावाचं लग्न आहे’ म्हणणारे सख्खेच असतात. आनंदाचा प्रसंगही दुःखाइतकाच निसरडा. बढतीची पार्टी, पोराचा निकाल, पगाराची तारीख. आणि श्रावण! महिनाभर थेंबही न घेणारा छातीठोकपणे सांगतो की मी केव्हाही सोडू शकतो. त्याचं बघून व्यसनातून बाहेर पडलेल्यालाही वाटायला लागतं, आपणही आता अधूनमधून, मोजून घेऊ शकू. हा विचार ज्या दिवशी तोंडातून निघेल, त्या दिवशीच समुपदेशकाला फोन करायला हवा. डिकी तपासून काय मिळणार? औषधाच्या बाटलीचीही एक गोष्ट सांगायला हवी. आसव-अरिष्टांत आणि काही खोकल्याच्या औषधांत अल्कोहोल असतं. वैद्य-डॉक्टरांना पूर्वेतिहास सांगायची लाज वाटते, आणि चव जिभेवर परत येते ती अशी औषधाच्या निमित्तानं.

एवढं करूनही घसरण होते. २००० साली अमेरिकन वैद्यक संघटनेच्या नियतकालिकातल्या एका लेखात मांडलं होतं की उपचारांनंतर पुन्हा व्यसनाकडे वळण्याचं प्रमाण ४० ते ६० टक्क्यांच्या घरात आहे; रक्तदाब आणि दम्याच्या रुग्णांत आजार उलटण्याचं प्रमाण ५० ते ७० टक्के. बीपीची गोळी चुकवून दवाखान्यात भरती झालेल्याला आपण सफरचंदं घेऊन भेटायला जातो. दारूवाल्याला मात्र ‘पुन्हा तोंड काळं केलंस’ हे ऐकावं लागतं. मार्लट यांनी दाखवलेली गंमत अशी की पहिल्या पेगपेक्षा त्यानंतरची अपराधी भावना अधिक घात करते. ‘आता गेलंच सगळं’ असं वाटलं की माणूस बाटली संपवूनच उठतो. घर नेमकं तेच वाक्य त्याच्या तोंडावर फेकतं. १९८६ साली पुण्यात सुरू झालेल्या मुक्तांगणने उपचारांनंतरच्या पाठपुराव्यावर आणि घरच्यांना सोबत घेण्यावर भर दिला, तो उगाच नाही. पण केंद्रातून सुटी झाली की उपचार संपले, अशी समजूत अजूनही पक्की आहे.

ब्राउन शुगरच्या बाबतीत हा गैरसमज जीवच घेतो. महिना-दोन महिने केंद्रात किंवा तुरुंगात काढल्यावर शरीराची सहनशक्ती उतरलेली असते. माणूस बाहेर येऊन जुन्याच अंदाजानं जुनाच डोस घेतो आणि श्वास थांबतो. सुटकेनंतरचे पहिले काही आठवडे म्हणूनच सर्वांत धोक्याचे. हाक मारून जाग येत नसेल, श्वास संथ झाला असेल, ओठ निळसर दिसत असतील, तर पोलीस काय म्हणतील, शेजारी काय म्हणतील याचा विचार न करता आधी १०८ ला फोन करावा. व्यसनमुक्तीसाठी केंद्र सरकारची हेल्पलाइन १४४४६ आहे. ती घसरण्याआधीही लावता येते, आणि बायकोला, आईलाही लावता येते.