चिपोत्लेचा धडा : धुराआधी निवड

मेक्सिकन पद्धतीचे सॉस भारतीय शहरांतील उपाहारगृहांत आता अपरिचित राहिलेले नाहीत. त्यांतील धुरकट, किंचित गोडसर तिखटपणा बहुधा ‘चिपोत्ले’ या धुरावर वाळवलेल्या मिरचीचा असतो. मिरचीच्या मूल्यवर्धनाची चर्चा करताना हे उदाहरण पुढे येणे स्वाभाविक आहे. मात्र ‘धुरी दिली की किंमत वाढली’ एवढाच त्याचा अर्थ घेतला, तर उत्पादकाचे नुकसान आणि ग्राहकाच्या आरोग्यास धोका अशा दोन्ही गोष्टी संभवतात. चिपोत्लेचे मूल्य धुरामुळे खुलते हे खरे. पण ते ठरते धुराआधी, फळांच्या निवडीत.

‘चिपोत्ले’ हे नाव नाहुआत्ल भाषेतील ‘मिरची’ आणि ‘धूर’ या दोन शब्दांपासून बनले आहे. स्पॅनिश धर्मोपदेशक बेर्नार्दिनो दे साहागुन याने सोळाव्या शतकात मेक्सिकोतील बाजारपेठेचे जे वर्णन नोंदवून ठेवले, त्यात मिरची विकणाऱ्याच्या मालात धुरावर वाळवलेल्या मिरचीचाही समावेश आहे. या प्रक्रियेमागचे कारण चवीपेक्षा गरजेचे होते. चिपोत्ले ज्या हलापेन्यो मिरचीपासून करतात, तिचे नाव व्हेराक्रूझ राज्यातील हालापा शहरावरून पडले. या फळाची साल जाड व गर मांसल असतो. पातळ सालीची मिरची उन्हात सहज वाळते. हलापेन्यो मात्र आतील ओल निघून जाण्याआधीच सडू लागते. मंद आच आणि धूर हा त्यावर शोधलेला काढणीपश्चात उपाय होय.

हिरव्या हलापेन्योची विक्री झाल्यावर झाडावर राहिलेली फळे पूर्ण लाल होऊ दिली जातात. ती जाळीवर किंवा फळ्यांच्या तिकाटण्यावर पसरून खालून लाकडाचा मंद धूर दिला जातो आणि मधूनमधून उलथापालथ केली जाते. हे काम काही दिवस चालते. सुमारे 10 किलो ताज्या फळांपासून जेमतेम 1 किलो वाळलेला माल हाती येतो. अधिक काळ धुरी घेतलेली, तंबाखूच्या रंगाची, कडक मिरची ‘मेको’ म्हणून, तर कमी धुरी घेतलेली, लालसर जांभळी व मऊ मिरची ‘मोरिता’ म्हणून ओळखली जाते. ओआहाका राज्यात पासिया ही मिरचीही धुरावर वाळवतात. स्पेनच्या ला व्हेरा भागात शरद ऋतूतील पावसामुळे लाल मिरची ओकच्या धुरावर वाळवण्याची प्रथा रूढ झाली. नागालँडमध्ये चुलीवरच्या मांडणीत मिरची वाळवली जाते, तीही दमट हवेवरची तोडच आहे. जेथे ऊन पुरत नाही, तेथे धूर कामी येतो.

स्वयंपाकात या मिरचीचा सर्वांत परिचित उपयोग म्हणजे ‘आदोबो’ हा सॉस. देठ काढलेल्या चिपोत्ले गरम पाण्यात मऊ होईपर्यंत भिजवतात. टोमॅटो, कांदा व लसूण कोमालवर, म्हणजे मेक्सिकोतील सपाट तव्यावर, काळे डाग पडेपर्यंत भाजतात. हे सारे वाटून त्यात व्हिनेगर, मीठ, जिरे, ओरेगानो आणि थोडा ऊसाचा गूळ घालून मंद आचेवर दाट होईपर्यंत शिजवतात. याच चवीवर पुएब्ला प्रांतातील ‘तिंगा’ हा कोंबडीचा पदार्थ उभा आहे. येथे व्हिनेगर केवळ आंबटपणासाठी नसते. बाटलीबंद सॉसचा सामू 4.6 पेक्षा खाली राहिला नाही, तर हवाबंद बाटलीत घातक जिवाणू वाढू शकतात. घरगुती स्तरावर सॉस करणाऱ्या महिला गटांना पाककृतीबरोबर सामूमापकाचा वापरही शिकवावा लागेल.

खरा प्रश्न कच्च्या मालाचा आहे. मेक्सिकोत मिरचीवरील सोंडेकिड्याची अळी फळाच्या आत राहून बिया व गाभा खाते. बाहेरून फळ बरेच दिवस चांगले दिसते. भारतात घाटे अळी व तंबाखूवरील पाने खाणारी अळी फळाला छिद्र पाडतात. त्या छिद्रातून ओल शिरते आणि पाठोपाठ ॲस्परजिलस बुरशी. या बुरशीने एकदा अफ्लाटॉक्सिन तयार केले, की ते धुराने जात नाही आणि सॉस उकळल्यानेही नष्ट होत नाही. धुराचा गडद रंग व तीव्र वास किडके फळ नजरेआड मात्र करतो. युरोपीय संघात वाळलेल्या मिरचीसाठी एकूण अफ्लाटॉक्सिनची मर्यादा किलोमागे 10 मायक्रोग्रॅम आहे. किडक्या फळांची थोडीशी भेसळही संपूर्ण खेप नाकारली जाण्यास पुरेशी ठरू शकते.

कीटकनाशकांच्या अवशेषांचेही तसेच. 10 किलोचा 1 किलो होताना पाणी उडून जाते, पण न विघटलेला अवशेष मागे उरतो. म्हणजे किलोमागचे त्याचे प्रमाण अनेक पटींनी वाढू शकते. फुलकिड्यांच्या प्रादुर्भावात वारंवार फवारणी झालेल्या शेतातील फळे प्रतीक्षा काळ न पाळता धुरीला घालणे म्हणूनच अयोग्य होय. लाल फळ झाडावर अधिक दिवस राहते. त्या काळात फवारणीचे नियोजन काढणीच्या तारखेपासून मागे मोजत करावयास हवे.

धूर स्वतःही निरुपद्रवी नसतो. अपुऱ्या ज्वलनातून बेंझोपायरीनसारखी कर्करोगकारक द्रव्ये निर्माण होतात. युरोपीय संघाने 2015 मध्ये वाळलेल्या मसाल्यांसाठी त्याची मर्यादा ठरवताना धुरावर वाळवलेल्या मिरचीला वगळले. ही सवलत पारंपरिक प्रक्रियेचा विचार करून दिलेली आहे. तिला निष्काळजीपणाचा परवाना समजू नये. ज्वाला आणि फळ यांत पुरेसे अंतर, वाळलेले कठीण लाकूड आणि ठिबकणाऱ्या राळेपासून मुक्त इंधन ही किमान पथ्ये आहेत. मेक्सिकोत वापरले जाणारे मेस्किट हे भारतात माजलेल्या वेड्या बाभळीचे जवळचे नातलग आहे, त्यामुळे लाकडासाठी दूर पाहावे लागणार नाही. रंगवलेले लाकूड, प्लायवूड किंवा टायर मात्र कदापि जाळू नयेत.

धुरी दिलेल्या मालाला कीड लागत नाही, असाही एक समज आढळतो. सिगारेट भुंगेरा वाळलेल्या तंबाखूवर जगतो आणि मिरचीपुडीतही सुखाने वाढतो. धुराच्या वासाने तो दूर राहील असे मानण्यास आधार नाही. मऊ मोरितासारख्या मालात ओल अधिक राहिल्यास बुरशीचा धोका वाढतो. ओलावा सुमारे 10 टक्क्यांपर्यंत आणणे, हवाबंद पिशव्या आणि नियमित पाहणी यांना पर्याय नाही.

यावर एक रास्त आक्षेप येईल. धुरी ही तर भाव न मिळालेल्या फळांची सोय. त्यातही कडक निवड केली तर उत्पादकाच्या हाती उरणार काय? येथे एक भेद स्पष्ट करणे आवश्यक आहे. हिरव्या बाजारात न गेलेले पक्व लाल फळ हे निरोगी फळ असते; किडलेले किंवा बुरशी आलेले फळ हा टाकाऊ माल असतो. चिपोत्लेची परंपरा पहिल्याला किंमत मिळवून देते, दुसऱ्याला नव्हे. विस्तार कार्यकर्त्यांनी धुरीगृहाचे प्रात्यक्षिक दाखवण्याआधी निवडीच्या टेबलाचे प्रात्यक्षिक दाखवावे. प्रत्येक खेपेतील काही फळे उभी चिरून आतील गाभा तपासावा, फवारणीची नोंदवही मागावी आणि छिद्र असलेली फळे शेतातच वेगळी करून नष्ट करावीत. मूठभर फळे नाकारण्याचा खर्च हा परत आलेल्या खेपेच्या खर्चापुढे नगण्य असतो.