'श्री' आला, पण गोविंद कुठे गेला?

अहिल्यानगर जिल्ह्यातील श्रीगोंदा हे शेतकऱ्यांचे गाव. ऊस, लिंबू, कुकडी-घोडचे पाणी आणि सहकारी साखर कारखाने यांवर तालुक्याचा संसार चालतो. बाहेरून येणाऱ्याला दाखवण्यासारखेही येथे पुष्कळ आहे. संत शेख महंमद महाराजांचे समाधिस्थान आहे, शिंद्यांचे वाडे आहेत, तालुक्यातच भीमाकाठी पेडगावचा किल्ला आहे. परंतु पाहुण्याला सर्वांत आधी सांगावी अशी गोष्ट या गावाच्या नावातच दडलेली आहे.

जुन्या कागदपत्रांत हे गाव 'चांभारगोंदे' म्हणून येते. हे नाव गोविंद नावाच्या एका चांभारावरून पडले, असे इंग्रज सरकारच्या १८८४ च्या अहमदनगर गॅझेटियरने नोंदवले आहे. राजे, सरदार आणि देवदेवतांच्या नावांची गावे महाराष्ट्रात पैशाला पासरी आहेत. ज्याला वेशीबाहेर ठेवले, त्याच्याच नावाने अख्खे गाव ओळखले जावे, असे किती ठिकाणी घडले?

पुढे 'चांभार' गळाला आणि 'श्री' चिकटला. यावर कोणी म्हणेल, जातीवाचक नावे जायलाच हवीत. अगदी बरोबर! महारवाडा, मांगवाडा अशी वस्त्यांची नावे बदलण्याचा निर्णय महाराष्ट्र शासनाने डिसेंबर २०२० मध्ये घेतला, तो योग्यच होता. ती नावे माणसांना गावाबाहेर ठेवण्यासाठी त्यांच्यावर लादलेली होती. गोविंदाचे नाव मात्र सगळ्या गावाने धारण केले होते. जात पुसणे वेगळे आणि जातीबरोबर माणूसही पुसणे वेगळे. संविधानाच्या अनुच्छेद १७ ने अस्पृश्यता नष्ट केली. अस्पृश्यांच्या स्मृती नष्ट करा, असे त्यात कुठेही लिहिलेले नाही.

नाव ही क्षुल्लक बाब आहे, असे आपल्याला तरी कोणी सांगू नये. मराठवाडा विद्यापीठाला बाबासाहेबांचे नाव मिळावे म्हणून १९७८ ते १९९४ अशी सोळा वर्षे या समाजाने लाठ्या खाल्ल्या, घरे जळताना पाहिली, प्राण दिले. २०१३ चे सोनई आणि २०१४ चे खर्डा ज्या जिल्ह्यात घडले, त्याच जिल्ह्यात एक गाव कधीकाळी एका चांभाराचे नाव सांगत होते, हे आजच्या पोरांना कळायला नको काय?

गावाचे नाव पुन्हा बदला, असे आमचे म्हणणे नाही. मागणी साधी आहे. नगरपरिषदेने गावाच्या प्रवेशद्वारी एक फलक लावावा आणि त्यावर गोविंदाची ही नोंद ठळक अक्षरांत लिहावी. शाळेतल्या मुलांना गावाचा इतिहास सांगताना सुरुवात तेथून करावी. तालुक्यातील कार्यकर्त्यांनी यासाठी नगरपरिषदेकडे लेखी निवेदन द्यावे आणि त्याची पोच घ्यावी. पाहुण्यांचे स्वागत गावाने जरूर करावे. पण ज्याच्या नावाने गाव उभे राहिले, त्याला आधी घरात घ्यावे.