एका सरोवराची दोन वाचने

दिवाळीच्या सुमारास महाराष्ट्रातील बहुतेक धरणे भरलेली असतात आणि पाण्याविषयीची सार्वजनिक आस्था नेमकी याच काळात सर्वांत क्षीण असते. उन्हाळ्यात पाणी किती उरले याची चर्चा होते, पण जे उरले ते हिरवे का झाले हा प्रश्न तेव्हाही मागेच राहतो. म्हणून यंदाचा अंक गोड्या पाण्याच्या विज्ञानाला वाहिलेला असून, या शास्त्रातील गाजलेले जुने संशोधन आणि त्यावर हरकत घेणारे नवे संशोधन शेजारी शेजारी ठेवून वाचावे, अशी त्यामागची भूमिका आहे.

अशा वाचनासाठी कॅनडातील प्रायोगिक सरोवरांइतके बोलके उदाहरण क्वचितच सापडेल. सांडपाणी आणि खतांमधून येणाऱ्या पोषकद्रव्यांमुळे पाण्यात शैवाल माजते, ते कुजताना प्राणवायू संपतो आणि मासे मरतात. या प्रक्रियेला सुपोषण म्हणतात. १९६०च्या दशकात ईरी सरोवराची अशी दशा झाली, तेव्हा दोष फॉस्फरसचा, नायट्रोजनचा की कार्बनचा यावर तीव्र वाद झाला. धुण्याच्या पावडरीत फॉस्फेट वापरणाऱ्या उद्योगाला अर्थातच कार्बनचा पक्ष सोयीचा होता आणि बाटलीत सरोवराचे पाणी घेऊन केलेले काही प्रयोग त्या पक्षाला दुजोराही देत होते. डेव्हिड शिंडलर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९६९ पासून वायव्य ऑन्टारिओतील २२७ क्रमांकाच्या सरोवरात फक्त नायट्रोजन आणि फॉस्फरस घातला. त्या पाण्यात विरघळलेला कार्बन अत्यल्प असूनही ते हिरवे झाले, कारण उरलेला कार्बन हवेतून मिळाला. बंद बाटलीला हवेचा हा अखंड पुरवठा नव्हता. पुढे १९७३ मध्ये मध्यभागी अरुंद असलेल्या २२६ क्रमांकाच्या सरोवरात पडदा लावून त्याचे दोन भाग करण्यात आले, दोन्हीकडे कार्बन आणि नायट्रोजन व एकाच बाजूला फॉस्फरस घालण्यात आला, आणि शैवालाचा थर त्याच बाजूला पसरला. आकाशातून घेतलेल्या त्या छायाचित्राने धोरणकर्त्यांवर जो परिणाम केला, तो कित्येक शोधनिबंधांना मिळूनही साधला नसता.

या प्रयोगाचे मोठेपण निर्विवाद आहे, पण त्या छायाचित्रातून नेमके काय सिद्ध होते हे काटेकोरपणे पाहिले पाहिजे. नायट्रोजन दोन्ही भागांत घातलेला असल्यामुळे, नायट्रोजन कमी केला तर काय होईल, या प्रश्नाचे उत्तर त्यात नाही. शिवाय सरोवर एकच असल्यामुळे प्रयोगाची पुनरावृत्तीही नाही. बाटली पुन्हा पुन्हा भरता येते पण ती सरोवर नसते, आणि सरोवर खरे असते पण ते पुन्हा मिळत नाही. या पेचातून गोड्या पाण्याचे शास्त्र आजही सुटलेले नाही.

नायट्रोजनच्या प्रश्नाची खरी परीक्षा २२७ क्रमांकाच्या सरोवरातच झाली. तेथे नायट्रोजनचा पुरवठा टप्प्याटप्प्याने कमी करून १९९० पासून तो पूर्णपणे थांबवण्यात आला, तरी पाणी हिरवेच राहिले, कारण काही नीलहरित शैवाले हवेतील नायट्रोजन स्वतःच बांधून घेतात. या ३७ वर्षांच्या नोंदींवरून शिंडलर आणि सहकाऱ्यांनी २००८ मध्ये असा निष्कर्ष काढला की नायट्रोजन कमी करून सुपोषण आटोक्यात येत नाही. स्कॉट आणि मॅकार्थी यांनी २०१० मध्ये त्याच सरोवराच्या नोंदी पुन्हा तपासल्या आणि शैवालांनी बांधलेला नायट्रोजन तूट पूर्णपणे भरून काढत नाही, असा उलट अर्थ लावला. गाळातील जीवाणू नायट्रेटचे वायूत रूपांतर करून नायट्रोजन हवेत परत सोडतात, ही बाजूही जमाखर्चात धरावी लागते. चीनमधील ताइहू या विस्तीर्ण पण उथळ सरोवराने वाद आणखी पुढे नेला. २००७ मध्ये तेथील शैवालामुळे वूशी शहराचे पिण्याचे पाणी बंद पडले, आणि पुढील प्रयोगांत हिवाळा व वसंतात फॉस्फरसची, तर उन्हाळा व शरदात नायट्रोजनची टंचाई शैवालाला रोखते असे दिसले. तेथे माजणारे मायक्रोसिस्टिस हे शैवाल हवेतील नायट्रोजन बांधू शकत नाही, ही गोष्ट येथे निर्णायक ठरते.

फॉस्फरसला अग्रक्रम देण्याचा शिंडलर यांचा आग्रह योग्यच होता आणि त्याच्या बळावर झालेले नियंत्रण हिताचे ठरले. परंतु ग्रॅनाइटच्या खडकातील, कित्येक महिने बर्फाखाली राहणाऱ्या लहान सरोवरावरून जगातील सर्व पाण्याबद्दल काढलेले विधान त्या पुराव्याला पेलणारे नाही. आपल्याकडचा उजनी जलाशय बेसाल्टच्या प्रदेशात आहे, पावसाळ्यात काही आठवड्यांत भरतो, उन्हाळ्यात झपाट्याने उतरतो, पुणे आणि पिंपरी-चिंचवडचे सांडपाणी वर्षभर पोटात घेतो आणि सोलापूरला पिण्याचे पाणी पुरवतो. तेथील शैवालाला कोणत्या महिन्यात कशाची टंचाई भासते, पाणी उतरल्यावर गाळातून किती फॉस्फरस वर येतो, हे प्रश्न ऑन्टारिओ किंवा ताइहूच्या आकड्यांवरून सोडवता येणार नाहीत. त्यासाठी २२७ क्रमांकाच्या सरोवराप्रमाणे वर्षानुवर्षे, एकाच पद्धतीने, त्याच ठिकाणी मोजमाप व्हावे लागेल. अशी मोजमापे टिकवणेही सोपे नसते: खुद्द कॅनडात या प्रायोगिक सरोवरांच्या संशोधन केंद्राचा निधी काढून घेण्याचा निर्णय २०१२ मध्ये सरकारने जाहीर केला होता आणि २०१४ मध्ये एका स्वतंत्र संस्थेने ते चालवायला घेतल्यामुळेच नोंदींची साखळी टिकली.